कॉलेजचं पेज, प्रेसनोट आणि जनसंपर्काची नोकरी: बेळगावच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बसने टिळकवाडीला कॉलेजला येणाऱ्या, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "कॉलेजचं इन्स्टाग्राम पेज आम्ही चौघं सांभाळतो. जनसंपर्कात करिअर करावं असं वाटतंय, पण घरी विचारतात, हे काम म्हणजे फोटो टाकणं का? त्यासाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला जावंच लागेल का? मागच्या महिन्यात फेस्टच्या रीलवर नाव इंग्रजी आणि कन्नडमध्येच आलं, मराठीत राहून गेलं. खाली भांडण पेटलं. आम्ही सगळ्या कमेंट पुसून टाकल्या, तर आणखी शिव्या बसल्या. आणि आता एका पुढाऱ्याच्या माणसाने त्यांचं पेज चालवशील का म्हणून विचारलंय, पैसे पण देणार म्हणतात. काय करू?"

मी आधी वर्तमानपत्रात बातम्या लावत होते, नंतर हॉस्पिटल, शिक्षणसंस्था आणि सहकारी सोसायट्यांसाठी जनसंपर्काचं काम करत आले. तुझ्या प्रश्नांत मला रीलवरचं भांडण सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

तुम्ही कमेंट पुसल्या त्यात तीन प्रकारच्या कमेंट होत्या असणार. काहींनी साधं विचारलं असेल, "मराठीत नाव का नाही?" काहीजण रागावले असतील. आणि काहींनी आईबहिणीवरून लिहिलं असेल. तिघांनाही तुम्ही एकाच झाडूने काढलं. शिव्या देणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तो दुसऱ्या नावाने परत येतो. पण ज्याने नीट विचारलं होतं, त्याला कळलं की या पेजवर विचारण्यात अर्थ नाही. स्क्रीनशॉट काढून बाहेरच्या ग्रुपवर टाकणारा बहुतेक वेळा तोच असतो. आणि बाहेर गेलेला स्क्रीनशॉट तुमच्या हातात राहत नाही. बेळगावात तो एका रात्रीत दोन्ही बाजूंच्या ग्रुपवर फिरतो आणि सकाळी प्राचार्यांना फोन येतो.

शिव्या काढायच्याच. त्यासाठी इन्स्टाग्रामवर ठरावीक शब्द आपोआप लपवण्याची सोय आहे. तिथे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी-कन्नड शिव्या आधीच भरून ठेव. कोणत्या कमेंट काढल्या जातील हे पेजवर आधी लिहून ठेव, म्हणजे काढल्यावर पक्षपाताचा आरोप होत नाही. रागाची कमेंट राहू द्यायची. आणि प्रश्नाला उत्तर द्यायचं, खरं उत्तर. "आम्ही सर्व भाषांचा आदर करतो" हे उत्तर नाही, ते ऐकून बेळगावात कुणाचंच समाधान होत नाही, ना मराठी माणसाचं ना कन्नड माणसाचं. त्या दिवशी घाईत मराठी नावाची फ्रेम राहून गेली असेल तर तेच लिही: "मराठी नाव घालायचं राहिलं. आज संध्याकाळी तीनही भाषांत नाव असलेली रील टाकतोय." आणि संध्याकाळी टाक. सात म्हटलं असेल तर सातला टाक.

भांडण चालू असताना रात्री अकरा-बाराला उत्तरं देत बसू नये. मात्र प्राचार्यांना किंवा कल्चरल विभागाच्या सरांना त्याच तासाला कळव. सकाळी दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर तुमच्यावरचा त्यांचा विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी पेजच काढून घेतलं जातं.

आणखी एक गोष्ट मी तुझ्या जागी असते तर केली असती. कमेंट करणाऱ्यांत तुमच्याच कॉलेजची पोरं असणार. त्यांना जाऊन भेट. कॅन्टीनला चहा पी, विचार, काय झालं. ऑनलाइन जो अंगावर धावून येतो तो समोरासमोर बऱ्याच वेळा वेगळं बोलतो. कुणाच्या वडिलांच्या दुकानाच्या पाटीवरून नुकतंच काहीतरी झालेलं असतं, कुणाला फेस्टच्या कमिटीत घेतलेलं नसतं. भाषेच्या भांडणात असं पुष्कळ काही मिसळलेलं असतं, ते कमेंटमध्ये दिसत नाही. मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला ही संधी मिळत नाही, कारण त्याचा ग्राहक देशभर पसरलेला असतो. तुझा वाचक तुझ्या वर्गात, लायब्ररीत, बसस्टॉपवर आहे. कॉलेज हे शिकायला सगळ्यात चांगलं ठिकाण आहे ते याच कारणाने.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. जनसंपर्क म्हणजे एखाद्या संस्थेचं ज्यांच्याशी काम पडतं, त्या सगळ्यांशी खरं बोलण्याचा आणि त्यांचं ऐकून घेण्याचा कायमचा बंदोबस्त. कॉलेजच्या बाबतीत विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी, शेजारची गल्ली, वार्ताहर, विद्यापीठ, पोलीस स्टेशन, कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला हे सगळे त्यात आले. जाहिरातीत जागा पैसे देऊन विकत घेता येते, तिथे आपलं म्हणणं आपल्याला हवं तसं छापून येतं. बातमीत तसं नसतं. तिथे दुसऱ्या कुणाला तरी पटावं लागतं. सोशल मीडियात जागा आपली, पण ऐकायचं की नाही हे लोक ठरवतात. तिघांचे नियम वेगळे आहेत.

या धंद्याच्या इतिहासात आयव्ही ली या अमेरिकन माणसाचं नाव पहिल्या धड्यात येतं. १९०६ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी अटलांटिक सिटीजवळ पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसं मेली. अपघात झाकायचा, वार्ताहरांना लांब ठेवायचं, ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या लीने कंपनीकडून लेखी माहिती काढली आणि वार्ताहरांना अपघाताच्या जागी नेलं. पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणून त्याच कागदाचा उल्लेख होतो. मला त्यात कागदापेक्षा वार्ताहरांना तिथे नेणं मोठं वाटतं. पुढे १९८४ मध्ये ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी जनसंपर्काच्या चार पद्धती मांडल्या. नुसता गाजावाजा; एकतर्फी खरी माहिती; लोकांचं ऐकायचं, पण त्यांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी; आणि लोकांचं ऐकून आपणही बदलायचं. परीक्षेला हे चार हमखास येतात. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं पहिल्या दोनातच थांबतात असं माझं मत आहे: पाहुण्यांचे सत्काराचे फोटो आणि ॲडमिशनच्या तारखा. तुमच्या पेजवर गेल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्यांनी काहीतरी मागितलं आणि ते कॉलेजने केलं, असं सांगणारी एक तरी पोस्ट आहे का बघ. नसेल तर पुढची तीच असू दे. लेडीज रूममधला नळ दुरुस्त झाला एवढी जरी असली तरी चालेल.

प्रेसनोटबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हे हस्तकौशल्य आहे आणि आजची मुलं ते शिकत नाहीत. बेळगावात मराठी वाचणारी घरं अजून सकाळी पेपर उघडतात. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' सुरू केला तेव्हापासून इथे पेपर ही घरातली वस्तू आहे. तुझ्या रीलला दहा हजार व्ह्यूज मिळाले हे तुझ्या आजोबांना कळणार नाही, पण पेपरात दोन कॉलमी बातमी आली की गावातल्या पारावर ती वाचली जाते.

कॉलेजातून येणारी प्रेसनोट साधारण अशी असते: "आमच्या महाविद्यालयात मोठ्या उत्साहात व आनंदी वातावरणात रक्तदान शिबिर संपन्न झाले. प्रारंभी मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. स्वागतगीतानंतर प्रास्ताविक झाले. अध्यक्षीय भाषणात रक्तदान हे श्रेष्ठ दान असल्याचे सांगण्यात आले. आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली." टेबलावर अशा पाच-पंचवीस येतात. उपसंपादक वरपासून खालपर्यंत बातमी शोधतो आणि त्याला मिळत नाही. समजा तेच असं लिहिलं: "टिळकवाडी येथील महाविद्यालयात शनिवारी झालेल्या शिबिरात ८४ जणांनी रक्तदान केले. त्यांत ३१ विद्यार्थिनी होत्या. वजन कमी भरल्याने किंवा हिमोग्लोबिन कमी असल्याने परत जावे लागलेल्या विद्यार्थिनींसाठी पुढील महिन्यात आहार मार्गदर्शन ठेवण्यात येणार आहे." आता यात तीन बातम्या आहेत, आणि तिसरी सगळ्यात मोठी आहे. चांगला वार्ताहर तीच धरून फोन करील. पाहुण्यांची नावं खाली शेवटच्या परिच्छेदात घाल. ती कापली गेली तरी बातमी उभी राहते. पाहुणे नाराज होतील असं सर म्हणतील, तर त्यांना सांग की नावं वर घातली तर बातमीच येत नाही, मग नाव कुठून येणार.

दुपारी चार-साडेचारपर्यंत पाठव. संध्याकाळी सातनंतर पानं लागायला लागलेली असतात, तेव्हा आलेल्या पत्रकाला जागा उरत नाही. मजकूर यूनिकोडमध्ये टाईप करून मेल किंवा व्हॉट्सॲपने साधा पाठवायचा. रंगीत डिझाईन केलेला फोटो पाठवलास तर कुणीतरी तो पुन्हा टाईप करत बसायचं, तेवढा वेळ तिथे कुणाकडे नसतो. फोटो एकच, पण नीट, आणि त्याखाली डावीकडून कोण कोण हे पूर्ण नावानिशी. पाठवल्यावर वार्ताहराला "लावा की" म्हणून चार-चार फोन करू नयेत. एकदा फोन करून मिळालं का विचारणं ठीक आहे. चूक छापून आली तर शांतपणे कळवायची, ज्याने चूक केली त्यालाच, त्याच्या संपादकाला नव्हे.

कन्नड पेपरांना वेगळी प्रेसनोट द्यायची, आणि ती तुझ्या मराठीचं भाषांतर करून बनवायची नाही. गूगलवर टाकून काढलेलं कन्नड बेळगावच्या कन्नड उपसंपादकाला पहिल्याच ओळीत कळतं. वर्गातल्या कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणीला कार्यक्रमाला बरोबर घे आणि तिला तिच्या डोळ्यांनी लिहू दे. ती वेगळ्या गोष्टी टिपेल. रामदुर्ग-सौंदत्तीकडच्या वाचकाला काय जवळचं हे तिला कळतं, तुला खानापूर-चंदगडकडचं कळतं. दोघींनी मिळून काम केलं तर या भागातला एवढा मोठा वाचक तुमच्या आवाक्यात येतो, जो पुण्याच्या एजन्सीला चार माणसं ठेवूनही पकडता येत नाही. माणसांची आणि गावांची नावं दोन्ही लिपींत कशी लिहायची हे ज्याचं त्याला विचारून घ्यायचं. आडनाव चुकलं की माणूस बातमी कापून ठेवत नाही.

सीमाभागात हे काम करायचं तर कॅलेंडर पाठ पाहिजे. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषिक काळा दिन पाळतात. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. ऑक्टोबरच्या शेवटी कित्तूर उत्सव. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक इथे वैशाखात, तेव्हा अर्धी मुलं आपापल्या गल्लीच्या चित्ररथात असतात. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की रस्ते बंद, मोर्चे, बंदोबस्त, पाहुणे वेळेवर पोचत नाहीत. या दिवसांच्या आगेमागे कॉलेजच्या पेजवर कोणती पोस्ट जाईल, कोणत्या रंगाची पार्श्वभूमी असेल, हे आठवडाभर आधी ठरलेलं असावं. ऐनवेळी कुणीतरी उत्साहात काहीतरी टाकतं आणि कॉलेज कुणाच्या बाजूचं यावर चर्चा सुरू होते. तुझं मत तुझ्याजवळ असू दे, ते असायलाच हवं. तुझ्या स्वतःच्या अकाउंटवर तू काय लिहायचं ते तू ठरव. पण कॉलेजचं पेज हे बाराशे-पंधराशे मुलांचं घर आहे, तिथे सगळ्यांना शिरता आलं पाहिजे. फलकांचंही असंच. कर्नाटकात २०२४ च्या कायदा दुरुस्तीनंतर व्यावसायिक आस्थापना आणि संस्थांच्या नामफलकांवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. कार्यक्रमाचं बॅनर छापायला टाकण्याआधी कॉलेजच्या ऑफिसला विचारून घे. छापून झाल्यावर वाद निघाला तर पैसे जातात आणि मनंही दुखतात.

व्हॉट्सॲपकडे पेजवाली मुलं दुर्लक्ष करतात, आणि इथे खरा संपर्क तिथेच चालतो. जुलैत खानापुराकडे पाऊस लागला, मलप्रभेला पाणी आलं, की सुट्टीचे मेसेज फिरायला लागतात. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कन्नडमध्ये असतो. मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून पुन्हा फिरतो, किंवा खरा असतो पण अंगणवाडीपासून पदवीपूर्व कॉलेजपर्यंतच्या सुट्टीचा, आणि पदवीची मुलं तो बघून घरी बसतात. त्यातच कुणाची तरी इंटर्नल टेस्ट बुडते. तू खानापूरकडची आहेस, बस बंद पडली की काय होतं ते तुला कुणी सांगायला नको. तुमच्या चौघांनी एवढं एक काम पत्करा: पावसाच्या दिवसांत रोज सकाळी साडेसहाला कॉलेजच्या अधिकृत ग्रुपवर एकच मेसेज. आज कॉलेज आहे की नाही, कुणी सांगितलं, किती वाजता सांगितलं, आणि आदेशात पदवी कॉलेजं येतात की नाही. मराठीत दोन ओळी, कन्नडमध्ये दोन ओळी. काही निर्णय झाला नसेल तर तसंच लिहायचं: "साडेसहापर्यंत आदेश आलेला नाही, साडेसातला पुन्हा कळवतो." हे महिनाभर न चुकता केलंत, तर एरवी पेजकडे न बघणारे पालकसुद्धा तुमच्या मेसेजची वाट बघतील. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असलेला मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं, ही मर्यादा २०२० पासून आहे. तरी अफवा फिरतातच, कारण खरी बातमी द्यायला कुणी जागं नसतं.

संकटाच्या वेळी काय करायचं हे पुस्तकात मॅगीच्या उदाहरणावरून शिकवतात. नूडल्समध्ये शिशाचं प्रमाण जास्त असल्याच्या आरोपावरून ५ जून २०१५ रोजी देशभर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानात आली. सुरुवातीच्या दिवसांत कंपनी तांत्रिक भाषेत बोलत राहिली, आणि लोकांना हवं होतं ते एवढंच, की पोराला खायला द्यायचं की नाही. हे उदाहरण वाच, पण मला त्याहून उपयोगी वाटतं ते इथलं एक. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर काही मुलींना उलट्या सुरू झाल्या. संस्थेचं नाव सांगणार नाही. मुलींना दवाखान्यात नेलं, उपचार झाले. पण व्यवस्थापनाने पालकांसाठी इंग्रजीत एक नोटीस काढली, "परिस्थिती नियंत्रणात आहे" अशी. तिकडे अथणीहून, गोकाकहून, चंदगडहून फोन सुरू. मुली घाबरून रडत फोन करत होत्या, आणि पालक नोटीस कुणाकडून तरी वाचून घेत होते. नियंत्रणात म्हणजे काय, माझी पोरगी कुठे आहे?

मला बोलावल्यावर मी वॉर्डन बाईंना दोन आवाजी मेसेज रेकॉर्ड करायला सांगितले, एक मराठीत, एक कन्नडमध्ये, प्रत्येकी मिनिटाच्या आतला. किती मुलींना त्रास झाला, कुठल्या दवाखान्यात आहेत, किती जणींना सोडलं, उद्याचं जेवण कुठून येणार, आणि बाईंचा स्वतःचा फोन नंबर. बाई कन्नड बोलताना अडखळल्या, त्यांची घरची भाषा मराठी. व्यवस्थापनाला वाटलं दुसऱ्या कुणाकडून नीट बोलून घ्यावं. मी म्हटलं, असू दे. मुली रोज ज्यांना बघतात त्यांचाच आवाज पाहिजे. तासाभरात फोन कमी झाले. दुसऱ्या दिवशी पालकांना स्वयंपाकघर बघायला यायला सांगितलं. काहीजण आले, पाण्याची टाकी उघडून बघितली, भांडलेही. भांडणं ऐकून घेणं हा त्या दिवसाच्या कामाचा मोठा भाग होता. टाकी महिन्यातून दोनदा धुवायची आणि तारीख बाहेर लिहायची असं तिथेच ठरलं. त्यानंतरच पेपरला पत्रक दिलं, कारण तेव्हा कुठे लिहिण्यासारखं काही होतं.

कायद्याचं थोडक्यात. फोटो टाकण्याआधी विचार, विशेषतः मुलींचे आणि हॉस्टेलमधले. पीयूची, म्हणजे अकरावी-बारावीची, बरीच मुलं अठराच्या आत असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, तेव्हा नोंदणीच्या गूगल फॉर्ममध्ये आधार नंबर, घरचा पत्ता असलं काहीही मागू नकोस. लागतं तेवढंच घे. कॉलेज रोडवरच्या कॅफेने फुकट खायला घालून रील मागितली तर रीलवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, जाहिरात मानक परिषदेचे हे नियम २०२१ पासून आहेत. आणि कॉलेजच्या पेजवर असली रील टाकूच नये.

पुण्या-बेंगळुरूचं. मोठ्या एजन्सी मुंबई, दिल्ली, बेंगळुरूत आहेत हे खरं, आणि दोन-तीन वर्षं तिथे काम केलंस तर वेगही येईल, शिस्तही. पण लगेच जाण्याची गरज नाही. पदवीनंतर पत्रकारिता आणि जनसंवाद शिकायचा असेल तर एका बाजूला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्ही एसटीच्या अंतरावर. त्याआधी एक सुट्टी स्थानिक पेपरच्या ऑफिसात उमेदवारी कर, पगार न मिळाला तरी. दुसऱ्या बाजूच्या टेबलावर बसल्याशिवाय प्रेसनोट लिहिता येत नाही.

आणि कामाची जागा इथे नाही असं समजू नकोस. उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्री, हायड्रॉलिकचे कारखाने जगभर माल पाठवतात, आणि त्यांच्या वेबसाईटवर कित्येकदा मालकाचा एक फोटो आणि बंद पडलेला नंबर असतो. शहापूर-वडगावच्या विणकरांची साडी दुसऱ्या गावाच्या नावाने विकली जाते, विणणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. या विणकरांपैकी एका घराचं काम तू प्रोजेक्ट म्हणून घेतलंस तर मला फार आनंद होईल. माग कसा चालतो, एका साडीला किती दिवस जातात, मजुरी काय पडते, हे बसून ऐक, मग कॅमेरा काढ. सहकारी पतसंस्थांचं काम तर फार नाजूक असतं. एखादी सोसायटी अडचणीत आली की बाकीच्या सगळ्यांच्या दारात ठेवीदारांची रांग लागते. त्या दिवशी जो माणूस काउंटरच्या बाहेर येऊन म्हाताऱ्या ठेवीदाराला खुर्ची देतो आणि ताळेबंदाचा कागद समोर ठेवून समजावतो, तो जनसंपर्क करतो. तू बी.कॉम. आहेस, तुला ताळेबंद वाचता येतो. पत्रकारिता शिकून आलेल्या बऱ्याच जणांना तो येत नाही. ही तुझी जमेची बाजू आहे, ती सोडू नकोस.

शेवटी पुढाऱ्याच्या पेजचं. राजकीय काम वाईट असतं असं मी म्हणणार नाही. लोकांच्या तक्रारी घेणं, त्या ऑफिसपर्यंत पोचवणं, काय झालं ते परत सांगणं, हे चांगल्या लोकप्रतिनिधीच्या पेजवर होऊ शकतं, आणि त्यातून शिकायलाही मिळतं. पण हो म्हणायच्या आधी त्या माणसाशी समोरासमोर बोल, घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन. काम काय ते कागदावर लिहून माग. दुसऱ्या नावाने अकाउंट काढायची आहेत का, विरोधकांच्या पोस्टखाली कमेंट करायच्या आहेत का, कुणाचे फोटो जोडून काही बनवायचं आहे का, हे स्पष्ट विचार. यातल्या एकालाही हो आलं किंवा "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तर नको म्हणून सांग. तुझा फोन आणि तुझं सिम वापरून हे होणार, तपास आला तर तो तुझ्याच दारात येणार. काम स्वच्छ असेल तरी दोन अटी घाल. पेजचं लॉगिन त्यांच्या नंबरवर, तुझ्या नव्हे. आणि तुला कॉलेजच्या पेजवरून आधी बाजूला व्हावं लागेल, कारण दोन्ही पेज एकाच हातात आहेत हे आठवड्याच्या आत सगळ्यांना कळतं, आणि मग कॉलेजच्या पेजवर रक्तदानाची पोस्ट टाकलीस तरी लोक त्यात पक्ष शोधतात. कॉलेजचं पेज सोडायचं तुझ्या जिवावर येत असेल, तर अजून वर्षभर थांब. पदवी हातात आल्यावरही पुढारी असतीलच.